सुतळीचा ट्रक

तार हातात आली की मिस्त्री आधी तिचा वास घ्यायचे. डोळे मिटून, सावकाश, घरातली बाई तिखटाच्या डब्याचा घेते तसा. मग सांगायचे, "ही उंदरानं खाल्ली." किंवा, "ही पाण्यानं मेली." कधी काहीच न बोलता मान हलवायचे आणि तार बाजूला ठेवायचे, म्हणजे ती जळकी. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो, आमच्या घराण्यातला पहिला, आमच्या गल्लीतलाही पहिला, आणि विजेच्या धड्यात वासाचा उल्लेख कुठेच नव्हता.

हे नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं त्या दिवसांतलं. नागपूर-हैदराबाद सडकेवरच्या जाम गावच्या चौरस्त्यावर एका चिंचेखाली लष्करी तंबूचं फाटकं कापड ताणलेलं असायचं, ते मिस्त्रींचं दुकान. मोटारी दुरुस्त करणारे तिथे आणखीही होते, पण ते इंजिनवाले नाहीतर टायरवाले. तारांचं काम एकट्या मिस्त्रींकडे. डोक्यावर कुण्या साहेबाची उतरलेली सोला टोपी, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायांत काही नाही. त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळे मिस्त्री म्हणायचे, मीही तेच म्हणायचो. ते मला 'कॉलेज' म्हणायचे. "ये कॉलेज, बस." ही चेष्टा होती की नाही, हे मला बरेच दिवस ठरवता आलं नाही.

माझं त्यांच्याकडे जाणं कामामुळे. हिंगणघाटच्या एका कापूस व्यापाऱ्याकडे, आम्ही त्यांना सेठ म्हणायचो, मी ट्रकाचं कामकाज पाहत होतो. तो ट्रक माझे वडील चालवायचे. बाबा आधी त्याच सेठच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, हमाल होते, मग क्लीनर झाले, मग ड्रायव्हर; आणि त्या जोरावर त्यांनी मला नागपूरला ठेवून शिकवलं. हे मी कधी लपवलं नाही. कोणी न विचारताही सांगतो.

गाडी आली की मालकाशी बोलायचं नाही, हा मिस्त्रींचा नेम होता. ड्रायव्हरला समोरच्या दगडावर बसवायचे आणि विचारायला लागायचे. दिवा कोणत्या खड्ड्यात विझते? हॉर्न सकाळी कसा वाजते आन् दुपारी कसा? आधी वास आला का आधी धूर? एकदा एक सरकारी साहेब स्वतःच गाडी हाकत आले. ड्रायव्हर नाही म्हटल्यावर मिस्त्रींनी साहेबालाच दगडावर बसवलं. पंधरा-वीस प्रश्न झाले, साहेबांना एकाचंही धड उत्तर देता आलं नाही. मिस्त्रींनी त्यांना सांगितलं की आठ दिवस ध्यान देऊन चालवा, मग या. आम्हाला वाटलं, आता यांचं दुकान उठतं. साहेब आठव्या दिवशी आले आणि त्यांनी खिशातून कागद काढला. सगळं लिहून आणलं होतं.

ज्या गाडीची जुनी वायरिंग काढली ती ते विकत नसत. आतलं तांबं विकत घ्यायला लोक यायचे, त्यांना हात हलवत परत पाठवायचे. चिंचेच्या फांद्यांना तारांचे जुडगे लटकत असायचे, काळे, तेलकट, घुबडं बसल्यासारखे. मी विचारलं, हे काऊन ठेवता? म्हणाले, "उद्या ही गाडी वापस आली तं तिचं मागलं कोणाले विचारू? तुले?"

आणि आयुष्यभर मोटारींत डोकं घालून बसलेला हा माणूस समुद्रपूरला जायचं झालं तरी बैलबंडीनं जायचा. ट्रकवाले फुकट नेऊ म्हणायचे. हे म्हणायचे, नको बा, मले आतलं माहीत आहे.

पण त्यांची खरी ख्याती सुतळीसाठी होती. नवी वायरिंग करायची तर इतर लोक जुनी काढून तिच्या मापानं तारा कापतात. मिस्त्री तसं करत नसत. सुतळीचा गुंडा घेऊन ते बॅटरीपाशी बसायचे आणि तार जिथून जिथून जायची तिथून तिथून आधी सुतळी न्यायचे. दिव्याकडे फाटा फुटला की तिथे दुसरी सुतळी बांधायची. टोकाला गाठी. एक गाठ म्हणजे मोठा दिवा, दोन म्हणजे हॉर्न, तीन म्हणजे मागचा दिवा, असं थेट अकरापर्यंत. मग ते सगळं अलगद सोडवून जमिनीवर पसरायचे. समोर ट्रक उभा आणि शेजारी सुतळीचा ट्रक आडवा पडलेला. मिस्त्री त्याच्यात पाय टाकून फिरायचे, ड्रायव्हरच्या जागी उभे राहायचे, वाकून एखादी सुतळी इंचभर सरकवायचे. पानठेल्यावरचे लोक म्हणायचे, चालले मिस्त्री हैदराबादले. ते लक्ष देत नसत. सुतळी मनासारखी झाली की तिच्यावर तारा अंथरून काळ्या पट्टीनं गुंडाळत जायचे. तारा सगळ्या काळ्या. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना दोऱ्याच्या गाठी, सुतळीवर असतील तितक्याच.

मला हे सगळं मागासलेलं वाटायचं. एकदा त्यांनी मला विचारलं, "बी.एस्सी. म्हंजे किती वर्षं?"

"मॅट्रिकनंतर चार."

"चार वर्षांत तार कितीदा हातात धरली?"

मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. प्रयोगशाळेत सहा नाहीतर सात वेळा. तसं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "मंग अजून शिकाचं आहे तुले," आणि मला धरायला सुतळीचं टोक दिलं.

आमचा ट्रक लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात घेतलेला, अमेरिकन. सेठनं त्याची चौकट मागून अडीच हात वाढवली होती, लाकडी फाळके बसवले होते, आणि मूळचं इंजिन कामातून गेल्यावर दुसऱ्याच बनावटीचं घातलं होतं. वायरिंग मात्र मूळचीच, जागोजागी सांधलेली. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास बाबा गिरडहून कापूस भरून निघाले, तर टेकडीच्या उताराला डॅशखालून धूर आला. मागे फाळक्यांच्या वरपर्यंत सुटा कापूस. बाबांनी इंजिन बंद केलं, खाली उडी मारली आणि बॅटरीची तार नुसत्या हातानं ओढून काढली. उजव्या हाताची दोन बोटं भाजली. घरी येऊन त्यांनी फक्त एवढं सांगितलं की थोडं तापलं होतं. मायनं हाताला हळद-तेल लावलं, आणि त्या दिवसापासून ट्रकाचा आवाज गल्लीत येईपर्यंत ती दारातून हलेनाशी झाली.

सेठ वाईट माणूस नव्हता. म्हणाला, पूर्ण वायरिंग नवी टाका, मोसम तोंडावर आहे. आणि माझ्याकडे वळला. "तू शिकलेला आहेस. तुझाच बाप चालवतो. कोणती टाकायची ते तू ठरव."

मला माझ्या शिक्षणाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. मुंबईच्या एका दुकानाचा कॅटलॉग होता, इंग्रजी. त्यात तयार वायरिंगचे संच होते, प्रत्येक ट्रकाचा वेगळा, नंबरासकट. आमच्या डॅशवर पितळी पाटी होती, तिच्यावरचा नंबर मी उतरवून घेतला, कॅटलॉगातल्या नंबराशी ताडून पाहिला आणि पत्र टाकलं. बाबांनी एकदाच म्हटलं, मिस्त्रीले विचारून घे. मी म्हटलं, बाबा, हे कारखान्यातून मोजून येते.

पार्सल रेल्वेनं आलं. इतकी सुंदर वायरिंग मी पाहिली नव्हती. सुती आवरणाच्या तारा, लाल, हिरव्या, पिवळ्या, तपकिरी, आणि सोबत कोणता रंग कुठे जातो याचा छापील कागद. ती घेऊन मी प्रवासी सर्व्हिसच्या मोटारीनं जामला गेलो. ट्रक बाबांनी आधीच तिथे नेऊन लावला होता, आणि मला न विचारता मिस्त्रींनी त्याची सुतळी काढून जमिनीवर पसरून ठेवली होती.

त्यांनी माझा संच नाकाला लावला. "दुकानाचा वास येते," म्हणाले. मग तो सुतळीच्या शेजारी मांडला. मागच्या दिव्याला तो अडीच हात कमी पडत होता, तेवढं मी धरूनच चाललो होतो. पण डायनामोचा फाटा उजवीकडे निघत होता आणि आमचा डायनामो डावीकडे. हॉर्नचा फाटा मधेच. अकरांतले सहा फाटे चुकीच्या जागी.

"पण नंबर तोच आहे," मी म्हटलं.

मिस्त्री मला डॅशपाशी घेऊन गेले आणि पितळी पाटीच्या स्क्रूंवर बोट ठेवलं. स्क्रू देशी होते. डॅशचा पत्रा एका रंगाचा, दरवाजाचा आतला पत्रा दुसऱ्या. लिलावात दोन-तीन मोडक्या ट्रकांचा एक करून विकत. आमच्या ट्रकाला पाटी एका ट्रकाची होती, अंग दुसऱ्याचं आणि इंजिन तिसऱ्याचं. मी पाटीसाठी वायरिंग मागवली होती.

मी म्हटलं, जिथे कमी पडते तिथे सांधून घ्या. तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "कापसाच्या गाडीत सांधा नाई. माह्या दुकानात नाई. गिट्टीची गाडी आण, पन्नास सांधे मारून देतो. आता तुह्या बापाचं बोट कायनं भाजलं? सांध्यानं."

हे मला माहीत होतं. सांध्यापाशी रोध वाढतो, तिथे उष्णता होते. मी त्याचं सूत्रही लिहून दाखवलं असतं. परीक्षेत लिहिलंही होतं. ट्रकापर्यंत ते आणायचं मात्र मला सुचलं नव्हतं.

मग मी तोड काढली. संच पूर्ण उसवायचा, तारा मोकळ्या करायच्या, कमी पडतील त्या नव्या घ्यायच्या आणि सुतळीच्या मापानं पुन्हा बांधायचा. संचही वाया जाणार नाही, मापही बरोबर. मिस्त्री म्हणाले, रंगीत तार मी वापरत नाई. का, तर वापरत नाई. मी दहादा विचारलं. एवढा विचारी माणूस इतक्या साध्या गोष्टीला का अडतो, हे मला समजेना, आणि समजल्याशिवाय मला उठवेना. शेवटी मी स्वतःच संच उसवायला बसलो. म्हटलं, नुसत्या तारा तरी हातात द्या. हिरवी द्या.

त्यांनी लाल दिली.

मला वाटलं, चुकून. ती ठेवून पुन्हा हिरवी मागितली. त्यांचा हात तारांवरून फिरू लागला, एकीवरून दुसरीवर. मी वर पाहिलं तर त्यांची नजर तारांवर नव्हती. माझ्या तोंडाकडे होती. कोणत्या तारेवर माझा चेहरा बदलतो ते पाहत होते.

हात थांबला. मिस्त्रींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"समजलं तुले," ते म्हणाले. "लहानपणापासून आहे. पळस फुलला म्हणते लोक. मले झाड वाळलेलं दिसते."

त्यांनीच पुढे म्हटलं, "सेठले सांगाचं असन तं सांग. नको सांगू असं मी म्हणणार नाई. त्या गाडीत तुह्या बापाचा जीव आहे."

चौरस्त्यावर ही गोष्ट एकाला कळली असती तर पंधरा दिवसांत नागपूरपासून हैदराबादपर्यंत सगळ्या ट्रकांना कळली असती, आणि चिंचेखाली कोणी थांबलं नसतं. ते मिस्त्रींनाही माहीत होतं. तरी ते उठून चहा सांगायला गेले, एक माझ्यासाठीसुद्धा.

बाबा पानठेल्यावर होते. मी त्यांना बाजूला घेतलं. मला वाटत होतं त्यांना धक्का बसेल. त्यांनी सुपारी कातरत विचारलं, तुले आज समजलं? त्यांना तीन वर्षांपासून माहीत होतं.

"आन् तरी तुम्ही गाडी त्यांच्याकडे आणता?"

"म्हणूनच आणतो." बाबा सावकाश बोलले. "ज्याले दिसते तो पाह्यते आन् जोडते. याले दिसत नाई, हा एका तारेवर दोनदा हात फिरवते, गाठी मोजते, मंग जोडते. आन् डॅशच्या खाली डोकं घालून पाह्य. तिथं कोणाले रंग दिसते? तुले दिसन?" मग अडकित्ता मिटून म्हणाले, "पण ठरवाचं तुले सांगतलं सेठनं. मी गाडी चालवतो. तू म्हणशीन ते टाकीन."

त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर नवी कातडी आली होती, गुलाबी. मी डॅशखाली खरंच डोकं घालून पाहिलं. भर दुपारी काळोख होता. हात चाचपत होता तेवढंच खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेठ स्वतः जामला आला. उसवलेला संच आणि सुतळी पाहून त्यानं विचारलं, मुंबईची वायरिंग बसली का? मिस्त्री आपल्या दगडाजवळ उभे होते. बाबा फाळक्याला टेकून.

मी म्हटलं, "सेठजी, मी चुकलो. मी पाटी पाहून मागवली, ट्रक पाहिला नाही. हा संच या ट्रकाचा नाही. मिस्त्री सुतळीवर बांधतील तो टाकायचा."

सेठनं वाकून एक रंगीत तार उचलली. मग त्यानं साहजिक विचारलं की एवढ्या चांगल्या रंगीत तारा आल्या आहेत, त्याच का नाही वापरत? तो प्रश्न मिस्त्रींना होता. मीच उत्तर दिलं.

"तेलानं आन् उन्हानं सुती तारांचे रंग वर्षभरात एकसारखे होतात. मग लाल कोणती, हिरवी कोणती, कोणालाच ओळखू येत नाही. गाठी हाताला लागतात."

हे खोटं नव्हतं. जुन्या ट्रकांच्या तारा मी पाहिल्या होत्या, सगळ्या मातकट. पूर्णही नव्हतं. आजवर मी सरळ बोलणारा म्हणून ओळखला जातो, आणि ते एक वाक्य मी अजूनही कधीकधी तपासून पाहतो. सेठ म्हणाला, तुझा बाप, तुझी जबाबदारी. आणि गेला.

मिस्त्रींनी दोऱ्याचं रीळ माझ्याकडे टाकलं. आभार नाहीत, शाबासकी नाही. बाहेरचे दिवे, वायपर, हॉर्न, असं एकेक नाव घेत त्यांनी मला गाठी बांधायला लावल्या. तीन दिवस लागले. माझ्या सातव्या नंबरच्या गाठी त्यांनी दोनदा सोडायला लावल्या. बोटाला आठ लागतात म्हणाले, आणि मोजल्या तर आठच होत्या. अकरा तारा, एकही सांधा नाही. वायरिंग चढली तशी त्यांनी बाबांना प्रत्येक बटण तीनतीनदा दाबायला लावलं आणि स्वतः डॅशखाली हात घालून बसले.

गिरडचा कापूस भरला त्या दिवशी मी बाबांच्या शेजारी बसलो. निघण्याआधी मिस्त्रींनी मला बजावून ठेवलं होतं, उताराला लागला की डॅशखाली जुडग्यावर तळहात ठेवजो, आन् उचलू नको. गरम लागलं तं बापाले सांग, मले सांगाले येऊ नको.

मी हात ठेवला. मागे कापूस फाळक्यांच्या वर दोन हात होता, वाऱ्यानं त्याचे पुंजके उडून काचेवर येत होते. बाबांनी दिवसाउजेडी मोठे दिवे लावले, हॉर्न धरून ठेवला, वायपर चालू केला, जेवढं लावता येईल तेवढं लावलं. बैलबंडीवाले चमकून बाजूला होत होते. टेकडीचा उतार संपला. समुद्रपूर गेलं. जामला आम्ही थांबलो नाही. मिस्त्री सडकेच्या कडेला उभे होते, ते ट्रकाकडे न पाहता खाली मान घालून इंजिनाचा आवाज ऐकत होते. माझा खांदा भरून आला, तरी मी हात हलवला नाही. पट्टीखालून एकेक तार लागत होती, आणि सगळ्या माठासारख्या गार होत्या.

हिंगणघाटात जिनाच्या फाटकातून ट्रक आत आला, बाबांनी इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"काढ आता हात," ते म्हणाले.